मास्टरला लावलेलं कुंकू

चूक माझी होती. आज हे मी सहज लिहितो आहे. ज्या दिवशी हे बोलायला हवं होतं त्या दिवशी मात्र एका टेबलाभोवती चार माणसं बसली होती, त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला, आणि मी असं उत्तर दिलं की त्याला कुणालाही खोटं म्हणता आलं नसतं. त्या उत्तरामुळे एका बाईची नोकरी गेली. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्यामुळे ते एकदा नको तिथे लिहिलं गेलं, तेवढं पुरे झालं.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लाईन सुपरवायझर होतो. आमच्या लाईनवर गाड्यांचे हेड-अप डिस्प्ले तयार व्हायचे. भारी गाडीत स्टिअरिंगमागे बसलं की समोरच्या काचेपलीकडे, बॉनेटच्या टोकाशी, हवेत तरंगल्यासारखा वेगाचा आकडा दिसतो, तो. गाडी चालवणाऱ्याला रस्त्यावरची नजर खाली आणावी लागू नये म्हणून ही सोय. मी कोरेगाव तालुक्यातला. गावाकडे आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी हाय बी आन न्हाई बी. भूतच की रं."

त्या भुताचं सगळं घर डॅशबोर्डच्या आतल्या एका काळ्या पेटीत असतं. पेटीत एक छोटा पडदा चित्र तयार करतो. ते चित्र एका सपाट आरशावर पडतं, तिथून एका बाकदार आरशावर जातं, आणि तो आरसा ते वर, समोरच्या काचेवर फेकतो. या बाकदार आरशाला आम्ही 'मोठा' म्हणायचो. मोठा म्हणजे शाळेच्या वहीएवढा. प्लास्टिकचा, वर चांदीसारखा मुलामा. त्याला उघडं बोट लागलं की तो गेला, पुसून उपयोग नसतो. पेटीत तो तीन टेकूंवर बसतो. तीनच, कारण तिवई कधी डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं. तिन्ही टेकूंवर गोंदाचा एकेक थेंब सोडायचा, आरसा अलगद ठेवायचा, कॅमेऱ्यात चित्र बघत दोन छोटी चाकं फिरवून तो सरळ करायचा आणि मग निळा दिवा लावायचा. दिव्याखाली गोंद घट्ट होतो. एकदा झाला की संपलं. आरसा सरळ असला तर त्या गाडीचा आकडा जन्मभर सरळ, तिरका असला तर जन्मभर तिरका.

पण सरळ म्हणजे कुणाच्या हिशोबानं सरळ? त्यासाठी मास्टर होता. मास्टर म्हणजे अगदी बिनचूक बनवून घेतलेली एक पेटी, धातूच्या चौकटीत बसवलेली, खाली तीन पाय. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी मास्टर जागेवर ठेवायचा आणि त्यात जे चित्र दिसेल ते सरळ, असं कॅमेऱ्याला सांगायचं. दिवसभर बाकी सगळे आरसे त्याच्याशी ताडून बसायचे. मास्टर कपाटात राहायचा आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. त्या किल्लीचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

मोठा बसवायच्या जागेवर ती होती. वाळवा तालुक्यातल्या, इस्लामपूरजवळच्या एका गावची सून. नवरा सैन्यात, लांब कुठेतरी सरहद्दीवर. सासरा सुभेदार होऊन निवृत्त झालेला. घरी ऊस, म्हशी, मोठं खटलं. ती मात्र साताऱ्यात एका खोलीत मुलीला घेऊन राहायची. मुलीची शाळा साताऱ्यात आणि हिची नोकरी साताऱ्यात. हे तिनं घरी भांडून मिळवलं होतं आणि त्याला एक अट होती. ती जेवणाच्या सुट्टीत सासऱ्याचा आवाज काढून सांगायची, "आबांची आर्डर हाय. नोकरी हाय तवर सातारा. नोकरी गेली की दुसऱ्या दिशी म्हशीम्होरं हजर!" सगळ्या बायका हसायच्या. तीही हसायची, पण ते काही गमतीचं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टवर होती. त्या दिवाळीनंतर लाईनवरच्या काहींना पर्मनंट करणार होते आणि त्यात तिचं नाव पुढे होतं. पुढे मीच केलं होतं.

लाईनवर मेढ्याकडच्या बायका जास्त. त्यांचं आणि हिचं रोज काहीतरी चालायचं.

"तुमी मेढ्याच्या. वर्सातलं सा म्हैनं पावसात भिजून मऊ झालेल्या," ही म्हणायची.

"आन तुमी वाळव्याच्या. एवढा ऊस खाऊन बी जीभ कडूच," तिकडून यायचं.

"कडू हाय म्हणून टिकलीया. ग्वाड आसती तर मुंग्यांनी खाल्ली आसती."

काचेआड काम सुरू झालं की हाच आवाज बंद व्हायचा. पांढरा कोट, टोपी, मास्क, हातमोजे. नुसते डोळे दिसायचे. आरसा टेकूंवर सोडताना ती श्वास धरायची, आणि सोडल्यावर खांदे खाली यायचे. मी मागून जाता-येता बघायचो. ती कामाला चांगली होती. फार मोठी कारागीर होती असं काही मला उगाच रंगवायचं नाही. चांगली होती, सावध होती, इतकंच. नवीन होती तेव्हा एकदा गोंद धरायच्या आधी तिनं आरशाच्या कडेला अंगठ्यानं हलकेच दाबलेलं मी पाहिलं होतं. मी थांबवलं. "सरकल्यागत वाटला सायेब," ती म्हणाली. मी सांगितलं, वाटला तरी हात लावायचा नाही, तो पीस बाजूला काढायचा. तिनं मान हलवली. त्यानंतर तिनं तसं केलेलं मी कधी पाहिलं नाही. ही गोष्ट मला पुढे नको तेवढी नीट आठवली.

आता खंडेनवमीचं सांगतो.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. घरी वडील नांगर, कुळव, विळे, कुदळ, मोटरपंपाचे पाने, सगळं धुऊन अंगणात मांडायचे आणि हळद-कुंकू वाहायचे. ज्यावर पोट चालतं ते पुजायचं, एवढी साधी गोष्ट. कारखान्यातही पूजा व्हायची, पण क्लीनरूमच्या बाहेर, मोकळ्या जागेत. आत फूल, उदबत्ती, कुंकू काही न्यायचं नाही असा कडक नियम होता आणि तो बरोबरही होता. त्यामुळे स्टोअरमधून दोन-चार पाने, एक ड्रिल आणि एक ढकलगाडी आणून टेबलावर मांडायचे. ते पाने आमच्यातलं कुणी कधी हातात धरत नव्हतं. मला दर वर्षी ते टोचायचं. देवापुढे कुणा दुसऱ्याचीच पोरं बसवून आरती करावी तसं वाटायचं. आमचं पोट ज्यावर चालत होतं तो मास्टर आत कपाटात.

त्या वर्षी मी कपाट उघडलं आणि मास्टर बाहेर आणला. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

टेबलावर ठेवला तेव्हा ती झेंडूची माळ ओवत होती. बघून उठूनच उभी राहिली.

"आवं सायेब! ह्याला कुठं भाईर आणलंत? ह्याच्याम्होरं आमी श्वास घ्यायला भितो."

"आज त्याचाच दिवस आहे," मी म्हणालो.

"मग हातमोजं तरी काढा. देवाला रबराच्या बोटानं कुंकू लावत्यात व्हय?"

बायका हसल्या. मीही हसलो, हातमोजे काढले, ओल्या हळदीत बोट बुडवलं आणि मास्टरच्या चौकटीला हळद आणि त्यावर कुंकू लावलं. आरशाला नाही, चौकटीला. एवढी अक्कल होती. झेंडूचं फूल वर ठेवलं. हात जोडले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं. आपण काहीतरी खरं केलं असं वाटलं होतं.

संध्याकाळी स्पिरिट लावून चौकट पुसली आणि मास्टर कपाटात ठेवला. वरून पुसली, बाजूनं पुसली. पाय उलटून बघितले नाहीत. ओली हळद ओघळून एका पायाखाली गेली होती आणि कुंकवासकट वाळून तिथे तिचा पापुद्रा बसला होता. दसऱ्यानंतर कामावर आलो, मास्टर जागेवर ठेवला, कॅमेऱ्याला म्हटलं, हे सरळ. मास्टर एका पायावर केसाहूनही कमी उचललेला होता. त्या दिवसापासून आमचा सरळपणाच तिरका झाला. आमच्या कॅमेऱ्यात सगळं छान दिसत होतं. माल जात होता.

दिवाळी झाल्यावर गाडीवाल्या कंपनीकडून तक्रार आली. आकडा एका बाजूला कलतो आहे. गाडी सरळ चाललेली आणि समोरचा आकडा तिरका, बघून डोकं दुखतं, असं गिऱ्हाईक म्हणतंय. पेट्या परत आल्या. तपासणीसाठी तिकडचा एक माणूस येणार असं ठरलं, आणि तोवर मोठा बसवायची जागा बंद ठेवून तिला पॅकिंगला बसवलं. "दोन दिसांचं हाय की," ती म्हणाली. "तपासू द्या. सोनं हाय ते सोनंच निगंल."

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी आत गेलो. कपाट उघडलं, मास्टर हातात घेतला आणि उलटा केला. का उलटा केला ते माहीत नाही. खंडेनवमी मनात कुठेतरी टोचत असणार. पायाखाली तांबूस-पिवळा डाग होता, नखावर उरलेल्या मेंदीएवढा. मी नख लावलं. पापुद्रा निघाला.

इथून पुढचं मी कितीदा मनात वेगळं करून पाहिलंय. तसाच मास्टर घेऊन मी मॅनेजरच्या टेबलाशी जातो आणि सांगतो. पाच मिनिटांचं काम होतं. त्याऐवजी मी स्पिरिट घेतलं आणि पाय स्वच्छ पुसला. तिन्ही पाय पुसले. फडकं खिशात घातलं. मास्टर कपाटाबाहेर, तोही धुळीत नेणं म्हणजे नोकरीवर पाणी, हे मला ठाऊक होतं. शेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार, हा विचार आधी आला. तिचा विचार नंतर आला. हा क्रम मी लपवणार नाही.

संध्याकाळी मोटरसायकलवरून गावाकडे जाताना कृष्णेच्या पुलावर थांबलो आणि ते फडकं नदीत टाकलं. टाकल्यावर पुलावर नेहमी जोडतो तसे सवयीनं हात जोडले गेले. आपण काय करतोय हे कळलं तेव्हा ते खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. मशीन बघितलं, बरोबर. कॅमेरा बघितला, बरोबर. मास्टर मोजला, अगदी बिनचूक. सरळ म्हणजे काय हे कॅमेऱ्याला रोज सकाळी नव्यानं सांगितलं जायचं, कालचं कुठे उरत नव्हतं. तेव्हा मागे काही चुकलं असेल तर ते सांगायला मशीनकडे तोंड नव्हतं. मला होतं. मशीन बरोबर, मास्टर बरोबर, मग राहिला माणूस. त्या जागेवर माणूस एकच.

टेबलाभोवती चौघे होते. आमचे मॅनेजर, क्वालिटीचा माणूस, कर्मचाऱ्यांचं बघणारा एक आणि तो बाहेरून आलेला. मॅनेजरनं विचारलं, "गोंद धरायच्या आधी ऑपरेटर आरशाला हात लावते का? तुम्ही कधी पाहिलंय?"

मी म्हणालो, "एकदा लावताना पाहिलं आहे."

खरं होतं. फक्त ते खंडेनवमीच्या कितीतरी आधीचं होतं, हे मी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही. क्वालिटीच्या माणसानं वाकून काहीतरी लिहिलं. मी त्याच्या पेनाकडे बघत राहिलो.

कॉन्ट्रॅक्ट संपवायला कारण फार लागत नाही. तिला त्याच आठवड्यात सांगितलं. आणि पुढे जे झालं ते मला आजही सहन होत नाही. तिच्या जागी मेढ्याची एक मुलगी बसवली, आणि आकडे सरळ येऊ लागले. येणारच होते, मास्टर मी पुसला होता. पण बघणाऱ्याला काय दिसलं? ती होती तोवर तिरके, ती गेली आणि सरळ. मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं तुम्ही स्पष्ट बोललात."

गेटवर ती कोट आणि ओळखपत्र जमा करायला आली होती. मला बघून थांबली.

"सायेब, तुमी काय सांगितलंत?"

"मी काही सांगितलं नाही. वरूनच ठरलं."

"मग आता तरी सांगा की. तुमी रोज बघताय माझा हात. माझ्यामागं उभं ऱ्हाऊन बघताय. तुमी बोललात तर ऐकत्याल."

"बघतो," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. माझ्या 'बघतो'वर तिनं खोलीचं भाडं आणखी एक महिना भरलं, हे मला नंतर कळलं. तिचे फोन आले. एकदा उचलला. दुसऱ्या कुठल्या डिपार्टमेंटला काही होतंय का, ती विचारत होती. मी पुन्हा बघतो म्हणालो. पुढचे उचलले नाहीत. मग ते यायचे थांबले. पोरीचा दाखला काढून गावाकडे गेली, असं लाईनवर बोलणं झालं.

माझ्या मनानं काय काय युक्त्या केल्या ते लिहितो, कारण तेवढं तरी प्रामाणिक असावं. हातमोजे काढा, असं तिनंच तर म्हटलं होतं, हे मी स्वतःला कितीतरी दिवस ऐकवत होतो. जणू चेष्टेत बोललेलं वाक्य आणि कपाटाची किल्ली एकाच वजनाची होती. नाहीतरी ती किती दिवस टिकली असती, हेही म्हणून पाहिलं. बायकोनं विचारलं, हल्ली जेवणात लक्ष का नाही? मी ॲसिडिटीच्या गोळ्या आणल्या. पुढच्या खंडेनवमीला पूजेच्या वेळी पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिलो. घरीही विळ्याला कुंकू मुलानं लावलं. मी हात लावला नाही.

दुसऱ्या वर्षी लाईन बंद झाली. गाडीवाल्यांनी काम दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला दिलं. मशीनं खोलून खोक्यांत भरली, मास्टरही गेला. मला दुसऱ्या शेडमध्ये टाकलं, दाराबाहेरच्या साध्या आरशांवर. मॅनेजर नोकरी सोडून चालले होते. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. कुंकू, पाय, फडकं, माझं उत्तर. मला वाटलं होतं ते चिडतील. मी त्याच्याच तयारीनं गेलो होतो.

ते खुर्चीत मागे रेलले. "आता हे मी कुणाला कळवू?" ते म्हणाले. "लाईन नाही. तो गाडीवाल्यांचा माणूस नाही. कॉन्ट्रॅक्टरही बदलला. त्या बाईला कुठे घ्यायचं म्हटलं तर जागा कुठे आहे?"

"निदान कागदावर तरी..."

"कोणत्या कागदावर? फाईल बंद झालीय." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "झोपत जा नीट. आणि आता हे आणखी कुणाला सांगू नका."

म्हणजे शिक्षाही नव्हती. ज्या नोकरीसाठी मी खोटं बोललो ती नोकरी माझ्याकडे होती, आणि ती माझ्याकडून काढून घ्यायलाही कुणी उरलं नव्हतं. राहिली होती फक्त ती.

थंडीत, ऊसतोडीच्या दिवसांत, मी एसटीनं इस्लामपूरला गेलो. तिथून वडापच्या, शेअरच्या जीपमध्ये मागे अंग चोरून बसलो. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आमची गाडी त्यांच्यामागून रांगत होती. दर वळणावर मला वाटत होतं, उतरावं आणि परत फिरावं. गावात उतरून पानटपरीवर सुभेदारांचं घर विचारलं.

"कंच्या सुभेदाराचं?" टपरीवाला म्हणाला. "हितं गल्लीला एक सुभेदार हाय. वर दोन कॅप्टन बी हायत."

"ज्यांची सून साताऱ्याला कंपनीत होती."

"आसं सांगा की. माल बिघडवला म्हणून काढली ती. त्या लिंबापासनं डावीकडं."

माझं काम माझ्या आधी इथवर येऊन पोचलं होतं.

ती गोठ्यापुढे होती. कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, सारत होती. मला ओळखायला तिला क्षणभर लागला. मशीन बंद केलं, पदरानं तोंड पुसलं. "सायेब? या की. बसा." पाण्याचा तांब्या आणून दिला. तिच्या हातांवर वाढ्यानं कापल्याच्या बारीक रेघा होत्या. ओसरीवर बाजेवर सुभेदार बसले होते, पांढऱ्या मिशा, डोक्याला मफलर. "साताऱ्याचं सायेब आल्यात," तिनं त्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी लांबूनच हात वर केला.

मी तिथेच उभ्यानं, हळू आवाजात, तिला सगळं सांगितलं.  माझं संपल्यावर तिनं विचारलं, "तुमास्नी कवा कळलं?"

"तपासणीच्या आदल्या दिवशी."

"म्हंजी मला काढायच्या आदी."

"हो."

तिनं वाढ्याची एक पेंढी उचलली, परत खाली ठेवली.

"मला वाटायचं, माझाच आंगठा लागला आसंल," ती म्हणाली. "ध्यानात न्हाई, पर लागला आसंल. मी गेले आन माल सुधारला, आसं तुमच्या मेढ्याच्या बायांनीच सांगितलं फोनवर. मग आनि काय ऱ्हायलं? मी आमच्या मालकास्नी बी तसंच सांगितलं, आबास्नी बी. देवाला सुदीक सांगून टाकलं, चुकलं म्हणून."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"परत घेत्यात काय मला?"

"लाईनच बंद झाली, ताई."

"मग आलात कशाला?"

"माफी मागायला."

ती हसली. जेवणाच्या सुट्टीतलं हसणं नव्हतं ते. "मला मागून काय उपेग? मला घरात कोन इचारतंय? हितं रोज सकाळी ज्ये ऐकून घ्यावं लागतंय त्ये कुणाचं?" तिनं ओसरीकडे हनुवटी केली. "त्यास्नी सांगा. आन मोठ्यानं सांगा. तोफखान्यात व्हते, ऐकू येत न्हाई."

मी ओसरीशी गेलो. सुभेदारांनी बाजेवर सरकून जागा केली. मी बसलो नाही.

"कंपनीचं काय? बोलावनं आलं व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा. थोडं सांगायचं होतं."

"आं?"

"चूक माझी होती."

"काय म्हंतोय ह्यो?" त्यांनी सुनेकडे बघितलं. ती जागची हलली नाही. "मोठ्यानं," ती मला म्हणाली.

"चूक माझी होती!" मी ओरडलो. "कंपनीत माल बिघडला तो माझ्यामुळे! तुमच्या सुनेमुळे नाही!"

शेजारच्या अंगणात भांडी घासणाऱ्या दोन बायकांचे हात थांबले. वाटेवर ट्रॅक्टर सुरू करून बसलेल्या गड्यानं तो बंद केला. सुभेदार मान वाकडी करून माझ्या तोंडाकडे बघत होते, शब्द ओठांवरून वाचावेत तसे.

"हिची न्हवती?"

"नव्हती! मला माहीत होतं! मी सांगितलं नाही!"

त्यांनी डोक्याचा मफलर सोडून मांडीवर घेतला. मग सुनेकडे न बघता म्हणाले, "म्हशी वाढवल्या की आमी. हिच्या भरवशावर. पोरीची साळा बी हितं लागली." आणि मग माझ्याकडे, "आता काय करायचं रं, सांगून?"

 मला तिची नोकरी परत देता येत नव्हती, साताऱ्यातली खोली परत देता येत नव्हती. पोरीची गेलेली वर्षं तर कुणालाच देता येणार नव्हती. मी तिच्याकडे वळलो. ती भिंतीला टेकून उभी होती, हात पदरात गुंडाळलेले. एवढ्या जवळ असताना ओरडायची गरज नव्हती, पण ओसरीवर आणि शेजारी ऐकू जायला हवं होतं. म्हणून आवाज खाली आणला नाही.

"ताई, माझ्या भीतीपोटी मी तुमचा बळी दिला. टेबलावर अर्धं खरं बोललो, गेटवर पूर्ण खोटं बोललो, फोनवर बघतो म्हणालो आणि बघितलं काहीच नाही. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. मला काहीही भरून देता येणार नाही. मला माफ करा."